भाचीच्या खोलीतली हवा

मला कुणी गप्प बस म्हटलं की मी दुप्पट बोलते. हे आमच्या गिऱ्हाइकांना माहीत आहे, आणि माझ्या भावाला तर पाळण्यापासून माहीत आहे. म्हणून आधीच सांगते, मी काही ऊठसूट भारावून जाणारी बाई नाही. पण गेल्या हिवाळ्यात आमच्याच घराच्या वरच्या खोलीत मी जे पाहिलं, त्यानं माझी बोलती बंद झाली. अजून आठवलं की अंगावर काटा येतो.

आम्ही जुने सोफे नवे करतो, मी आणि माझा धाकटा भाऊ. त्याला सगळे बारक्या म्हणतात. दारातून आत यायचं तर त्याला वाकून आणि तिरकं व्हावं लागतं, पण नाव पडलं ते पडलं. तो जुना सोफा उसवतो, मी नवं कापड बेतते आणि शिवते. खाली दुकान, वर घर. जुन्या सोफ्यातून काय काय निघतं ते उसवणाऱ्यालाच ठाऊक: पेनाची टोपणं, केसांच्या पिना, एकट्या पडलेल्या मोज्यांची तर गोष्टच सोडा. आणि धूळ. फोम जुना झाला की बोटांत धरताच त्याचं पीठ होतं. सकाळी पुसलेल्या शिलाई मशिनवर दुपारी बोटानं नाव लिहावं, अशी आमच्याकडची धूळ. आम्हाला तिचं काही वाटत नसे. धूळ नाही त्या दिवशी काम नाही, एवढंच कळायचं.

बारक्याला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मुलगी झाली. आणि तिला भारी घाई. दिवस भरायच्या कितीतरी आधीच बाई हजर. मावेल तर तळहातावर मावेल एवढा जीव, फुप्फुसं कच्ची, नाकात नळी, काचेच्या पेटीत मुक्काम. भावजय तिकडे हॉस्पिटलातच राहायला गेली. मी रोज दुकान आवरून जायची आणि काचेला नाक लावून उभी राहायची. आत्या झाले होते, पण भाचीला अजून बोटही लावलं नव्हतं. जीव तुटायचा हो, खोटं कशाला बोलू!

थंडी पडायला लागली तशी ती बाळसं धरू लागली. एक दिवस डॉक्टरीणबाईंनी आम्हाला आत बोलावलं.

"आता ती नळीशिवाय श्वास घेते. घरी न्यायला हरकत नाही," त्या म्हणाल्या. बारक्याचे सगळे दात दिसले. "पण तुमचा धंदा कसला म्हणालात?"

बारक्यानं सांगितलं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्मा काढला की डॉक्टर काही बरं बोलत नाहीत.

"बाळाच्या खोलीतली हवा आमची सिस्टर येऊन मोजेल," त्या म्हणाल्या. "हवा चांगली असली तर घरी न्या. नसली तर आई आणि बाळ दोघांना आजोळी पाठवा. तिकडे समुद्राची हवा आहे म्हणता ना? मग फुप्फुसं पक्की होईपर्यंत तिथेच राहू दे. दोनेक वर्षं धरून चाला."

बारक्याची सासुरवाडी म्हणजे दुसरं टोक. एकदा जायचं तर महिनाभर आधी ठरवावं लागतं. दोन वर्षांत मूल चालायला लागतं, बोलायला लागतं, आणि अधूनमधून दिसणाऱ्या माणसांना बघून भोकाड पसरायला लागतं. माझ्या भावाची मुलगी मला बघून भोकाड पसरणार? मी जिवंत असताना? मी बारक्याला तिथल्या तिथे म्हटलं, "पोरगी घरी यायला पाहिजे. बास."

डॉक्टरीणबाईंनीच एअर प्युरिफायर घ्यायला सांगितला होता. हवा आत ओढतो, आतल्या फिल्टरमध्ये धूळ अडकवतो आणि स्वच्छ हवा बाहेर सोडतो. खोलीच्या मानानं मोठा घ्या, भिंतीला चिकटवून ठेवू नका, दारं-खिडक्या बंद ठेवून चालवा, असं बजावलं होतं. मी वरची मागची खोली निवडली, दुकानापासून सगळ्यांत लांबची. पडदे काढले, गालिचा काढला, जुनी गादी काढली. दाराच्या फटींना फोमच्या पट्ट्या ठोकल्या. त्यात आमचा हात कोण धरणार? जमीन, भिंती, छत, सगळं ओल्या फडक्यानं पुसलं. मग बारक्या तो डबा खांद्यावर घेऊन आला. हो, डबाच. पांढरा, कंबरेएवढा उंच, पुढे एक छोटा दिवा. हवा वाईट असली की लाल, बरी असली की पिवळा, चांगली असली की निळा. बारक्यानंच तो खोक्यातून काढला, मागून उघडून पाहिला, बंद केला आणि चालू केला.

दिवा लाल.

"लागेल थोडा वेळ," बारक्या म्हणाला.

दुसऱ्या दिवशीही लाल. तिसऱ्या दिवशीही लाल. डबा आपला घोंघावतोय, घोंघावतोय, आणि दिवा हट्टी पोरासारखा लालच्या लाल. मी परत भिंती पुसल्या. परत पट्ट्या ठोकल्या. दुकानदाराच्या नावानं तर इतकी बोटं मोडली की विचारू नका. "पंखा विकलाय त्यानं आपल्याला, नुसता पंखा! वर दिवा लावून!" बारक्या बिचारा मान खाली घालून ऐकायचा.

सिस्टर येणार त्या दिवशी सकाळी मी वर गेले, तर तेच. लाल. त्या खोलीला वर एक उंच खिडकी आहे. थंडीत सकाळी तिच्यातून ऊन तिरकं खाली येतं, आणि त्या उन्हाच्या पट्ट्यात धुळीचे कण वर-खाली तरंगत असतात. आम्ही दोघं लहानपणी त्यात हात घालून कण पकडायचा खेळ खेळायचो. त्या सकाळी मात्र तो पट्टा बघून माझा पारा चढला. एवढी धूळ! इतकं सगळं करून एवढी धूळ! थोड्या वेळानं सिस्टर येणार, तिचं यंत्र काढणार, मान हलवणार, आणि माझी भाची आजोळच्या गाडीत बसणार. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि डोळ्यांत पाणी आलं की मला राग येतो. मी डब्याला एक सणसणीत चापट मारली. काही झालं नाही. मग तो वळवला आणि मागचं झाकण खसकन ओढून काढलं.

आत फिल्टर होता. पांढराशुभ्र, घड्या घड्यांचा. आणि त्याच्यावर, चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बंद केलेली, प्लास्टिकची पिशवी.

"बारक्याऽऽ!"

तो जिना हादरवत वर आला. माझ्या हातात फिल्टर बघून दारातच थांबला.

"हे तू पाहिलं नाहीस?"

"पाहिलं," तो म्हणाला.

"मग?"

"मग काय ताई... ते तिचं आहे ना."

आता आमच्या दुकानाचा एक शिरस्ता सांगायला हवा. सोफा तयार झाला की आम्ही तो प्लास्टिकमध्ये बांधतो, आणि ते प्लास्टिक आम्ही कधीच काढत नाही. घरी पोचवला तरी नाही. मालकानं स्वतःच्या हातानं फाडायचं. आधीच उघडला तर त्याला वाटतं, कुणीतरी बसून गेलंय. वस्तूवरचा पहिला हक्क मालकाचा. आमच्या बाबांनी लावलेलं वळण आहे हे, आणि बारक्याच्या रक्तातच ते उतरलंय. नवी चादर असो, नवं घड्याळ असो, ज्याचं त्यानंच उघडायचं. त्यामुळे ह्या शहाण्यानं काय केलं, तर फिल्टरवरची पिशवी मुद्दाम तशीच ठेवली.

"तिच्या हातानं फाडणार होतो," तो म्हणाला. "आली की तिची बोटं धरून. मला वाटलं, हवा काय, जाते कडेकडेनं."

सांगा आता, ह्या माणसाला मारावं की पोटाशी धरावं? एवढा आडदांड पुरुष, आणि दारात उभा राहून पिशवीकडे टक लावून बघत होता. मी म्हटलं, "अरे गाढवा, तिला ती पिशवी नकोय. हवा हवीय!" आणि टर्रकन फाडली. त्यानं डोळे मिटून घेतले.

फिल्टर बसवला, झाकण लावलं, दार घट्ट ओढून घेतलं. "आता हलू नकोस," मी म्हटलं. "हललं की धूळ उठते." आम्ही दोघं भिंतीला टेकून जमिनीवर बसलो, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. डबा घोंघावत होता, पण आवाज बदलला होता. आधी नुसता फुंकत होता, आता ओढतही होता.

आणि मग मला ते दिसायला लागलं.

उन्हाच्या पट्ट्यातले कण डब्याच्या दिशेनं सरकत होते. आधी सावकाश, मग रांग लावल्यासारखे. वरून नवे येत होते, पण कमी. पट्टा विरळ झाला. आधी तो पांढरा, दाट दिसायचा, हात टेकावा असा. आता त्याच्या पलीकडची भिंत दिसू लागली. मी डोळे चोळले. बारक्याच्या दंडाला चिमटा काढला. तोही तिकडेच बघत होता, तोंड उघडं टाकून. पट्टा अजून विरळ झाला. त्याच्या कडा गेल्या. मग मधला भाग गेला. आणि एका क्षणी तो नव्हताच.

ऊन गेलं नव्हतं हो! जमिनीवर उन्हाचा चौकोन तसाच पडला होता, लख्ख. खिडकीच्या काचेवर ऊन होतं. पण मध्ये काहीच नव्हतं. इतकी वर्षं मी समजत होते की ऊन असंच दिसतं, खिडकीपासून जमिनीपर्यंत उभं. ते ऊन नव्हतंच. ती आमची धूळ होती. ऊन कसं असतं ते मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते, आणि ते दिसतच नव्हतं.

मी हळूच हात पुढे केला, मोकळ्या हवेत. तिथे काही नव्हतं, आणि एकदम माझा तळहात उजळला. बोटांवरची सुईची टोचणी न् टोचणी दिसली. मी हात मागे घेतला, विझला. परत पुढे केला, उजळला. बारक्यानंही आपला पंजा घातला. आम्ही दोन घोडे, जत्रेत आलेल्या पोरांसारखे हात घालत बसलो होतो. देवा रे, मनात आलं, एवढं मोठं काहीतरी रोज आपल्या डोक्यावरून येत होतं आणि आपल्याला पत्ता नाही. बारक्या कुजबुजला, "ताई, दिवा." दिवा निळा झाला होता.

सिस्टर आली ती सडसडीत, थकलेली, मोजकं बोलणारी बाई. तिनं मुठीत मावणारं यंत्र काढलं, खोलीच्या मधोमध धरलं, मग बाळासाठी मांडून ठेवलेल्या पाळण्यापाशी धरलं.

"उत्तम आहे," ती म्हणाली.

माझ्या जिवात जीव आला. मी तोंड उघडणार तेवढ्यात ती म्हणाली, "आता कामावरून उठून येता तशा या."

"म्हणजे?"

"बाळ रिकाम्या खोलीत राहणार नाही, माणसांत राहणार. खाली जा, तुमचं काम करा, आणि रोजच्यासारख्या वर या."

गेले. बारक्यानं एका जुन्या खुर्चीची पाठ उसवली, मी तिच्यातला फोम सोलून काढला, हात झटकले आणि वर आले. दार उघडून आत पाऊल टाकलं. डबा एकदम गरजला. दिवा लाल.

मी वळून पाहिलं, दार उघडं राहिलं की काय. दार मी लावलं होतं. सिस्टरनं यंत्र माझ्या बाहीजवळ आणलं. त्यातला आकडा सरसर चढत गेला.

"कुठून आली ही धूळ?" मी विचारलं.

तिनं उन्हाकडे बोट दाखवलं. उन्हाचा पट्टा परत उभा राहिला होता. बरोबर माझ्याभोवती. माझ्या खांद्यांवरून, केसांतून, पदरातून धूळ उठत होती, शांतपणे, न थांबता, आणि मी तिच्या मधोमध उभी होते. मी श्वास घेतला की कण आत जायचे, सोडला की भिरभिरायचे. भिंती पुसत बसले होते मी! भिंतींचा काय दोष? आयुष्यभर मी जिथे जिथे गेले तिथे हे घेऊनच गेले असणार. मला त्याची भीती वाटली आणि आश्चर्यही वाटलं, एकदमच. ह्या डब्याला मी दिसत होते, मला स्वतःला कधी दिसले नव्हते तशी.

बारक्या जिन्यातच थांबला होता. "मग आपण वर यायचंच नाही," तो तिथूनच म्हणाला. "ती वर राहील. आपण खाली."

"आणि मी आत्या कशाला झाले?" मी ओरडले. "खालून हाका मारायला?" ओरडता ओरडता मला रडू फुटलं. सिस्टरनं यंत्र खाली केलं आणि खिडकीकडे बघत राहिली. परक्या माणसाला रडताना कुठे बघायचं हे त्या बाईला कळत होतं.

मी नाक पुसलं आणि म्हटलं, "सिस्टर, जरा थांबाल?"

आमच्या दुकानाच्या मागे न्हाणीघर आहे आणि तिथून एक लोखंडी जिना थेट वरच्या गॅलरीत जातो. मी दुकानातले कपडे तिथेच काढून टाकले. पाणी तापवायला वेळ कुणाला? त्या थंडीत गार पाण्यानं डोक्यावरून आंघोळ केली. दातांवर दात आपटत होते आणि तोंडानं दुकानदारापासून देवापर्यंत सगळ्यांचा उद्धार चालला होता. ओले केस धुतलेल्या पंच्यात गच्च बांधले, न्हाणीच्या कपाटातले धुतलेले कपडे घातले, आणि दुकानात पाय न ठेवता मागच्या जिन्यानं वर गेले.

डबा एकदा कुरकुरला. दिवा पिवळा झाला. मी पुतळ्यासारखी उभी. मग तो निळा झाला आणि निळाच राहिला. सिस्टरनं यंत्र माझ्या खांद्याजवळ आणलं, केसांजवळ आणलं, बाहीजवळ आणलं.

"हे रोज जमेल?" तिनं विचारलं. "दर वेळी. घाईत असाल तेव्हाही, बाळ रडत असेल तेव्हाही."

"दर वेळी."

"कंटाळाल."

"मी कंटाळले तर हा माझ्या डोक्यावर बादली ओतेल, आणि हा कंटाळला तर मी ह्याचा कान धरून न्हाणीत नेईन."

ती बाई पहिल्यांदा हसली. "घेऊन या तिला," ती म्हणाली.

ज्या दिवशी तिला आणलं त्या दिवशी आम्ही दुकान उघडलंच नाही. बारक्यानं तर सकाळपासून अंग इतकं घासलं होतं की लालबुंद झाला होता. रस्त्यात धूर, गाड्या, म्हणून प्रवासापुरती तिच्या नाकाला परत नळी लावली होती, आणि सिस्टर शेजारी छोटा सिलिंडर धरून बसली होती. भावजयीनं तिला वर आणलं. गोधडीच्या गुंडाळीतून नुसतं नाक आणि कपाळ दिसत होतं. खोलीत येऊन भावजय खुर्चीत बसली, माझ्याकडे बघितलं, आणि न विचारता ती गुंडाळी माझ्या हातांत दिली.

वजनच नव्हतं हो तिला. मी सोफ्याची अख्खी पाठ एका हातानं उचलते, पण ते एवढंसं मी दोन्ही हातांनी, कोपरं अंगाशी घट्ट धरून पेललं. आत काहीतरी ऊबदार होतं आणि ते हलत होतं.

सिस्टर वाकली. "आता काढू," ती म्हणाली, आणि नळी काढली. सिलिंडरची चावी फिरवली. त्याचा बारीक सूं-सूं आवाज थांबला, आणि मागे डब्याचं घोंघावणं तेवढं उरलं.

तिनं कपाळाला आठ्या घातल्या. नाक आक्रसलं, जणू काही वेगळंच आहे इथलं. आणि छाती हलेना. भावजयीनं माझं मनगट घट्ट धरलं. बारक्या दाराच्या चौकटीला धरून उभा होता, त्याला आत यायचा धीर होत नव्हता. मी, जन्मभर जिची जीभ टाळूला लागली नाही ती मी, एक अक्षर बोलू शकत नव्हते. घे गं बाई, मनात म्हणत होते. घे. तुझंच घर आहे.

तिच्या नाकपुड्या किंचित फुलल्या. गोधडीखाली छाती वर आली, अगदी थोडी. ह्या खोलीतली हवा, आमच्या घरातली, तिच्या आत गेली. तिथे ती क्षणभर राहिली. मग एक छोटीशी ऊबदार फुंकर माझ्या मनगटावर आली.

आणि मग, कुणीही न सांगता, तिनं दुसरा श्वास घेतला.